सतरा मे, ऑस्लो: राजवाड्याच्या सज्जासमोरची प्रभातफेरी कशी पाहावी

नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाला राजा कुठून कुठे जातो? कुठेच जात नाही. तो घरीच असतो. राजवाड्याच्या मुख्य दारावर जो सज्जा आहे तिथे कुटुंबासह उभा राहतो, आणि शहरातल्या शंभराहून अधिक शाळांची मुलं त्याच्या अंगणातून झेंडे नाचवत जातात. रणगाडे नाहीत, विमानांची कसरत नाही, घोड्यांची बग्गी नाही. लंडन किंवा ब्रुसेल्सचा सोहळा मनात धरून आलेले पाहुणे अकरा वाजता शेजाऱ्याला विचारतात, "सुरू कधी होणार?" तेव्हा शेकडो मुलं पुढून निघून गेलेली असतात.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन उमजायला हवं. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी आठवा: पुढे शाळेचा फलक, मागे बँडपथक, मग वर्गावार रांगा, हातात कागदी झेंडे, कडेला बाई ओरडताहेत. तेच हे. फरक इतकाच, की पूर्ण शहराच्या शाळा एका रांगेत, आणि प्रमुख पाहुणे म्हणून राजा. म्हणून हा सोहळा पाहण्याचा पहिला नियम: मिरवणूक पाहायला जा, राजघराणं आपोआप दिसतं. उलट केलंत तर दोन तास लोकांच्या पाठी बघून परत याल.

ही रीत आली कशी ते थोडक्यात. १७ मे १८१४ रोजी आइड्सवोल इथे नॉर्वेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. त्याच वर्षी देश स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली गेला, आणि तिथला युवराज, १८१८ पासून राजा, कार्ल यूहान याला हा दिवस साजरा होणं मुळीच रुचत नव्हतं. १८२९ मध्ये जमलेल्या गर्दीवर घोडदळ घालण्यात आलं. गंमत अशी, की आज मुलं ज्या रस्त्याने चालतात त्याला त्याच कार्ल यूहानचं नाव आहे आणि राजवाड्यापुढे घोड्यावर पुतळाही त्याचाच. मुलांची पहिली मिरवणूक निघाली १८७० मध्ये, कवी ब्यर्नस्तयेर्ने ब्यर्नसन यांच्या पुढाकाराने, तीही फक्त मुलग्यांची. मुली आल्या १८८९ मध्ये. १९०५ मध्ये स्वीडनशी नातं तुटलं, डेन्मार्कचे राजपुत्र कार्ल हे हॉकून सातवे या नावाने गादीवर आले, आणि १९०६ पासून राजघराणं सज्जातून मुलांना अभिवादन करू लागलं. जर्मन ताब्याच्या काळात हे सगळं बंद होतं. १९४५ च्या १७ मेला राजे हॉकून अजून इंग्लंडहून परतले नव्हते, त्यामुळे सज्जात युवराज ओलाव होते.

सज्जात कोण, आणि ते करतात काय

मधोमध राजे हाराल्ड पाचवे आणि राणी सोन्या, दोघांचाही जन्म १९३७ चा. शेजारी युवराज हॉकून आणि युवराज्ञी मेट्टे-मारित, त्यांची मुलं राजकन्या इंग्रिड अलेक्सांद्रा व राजपुत्र स्वेर्रे माग्नुस. दर वर्षी सगळे असतीलच असं नाही. युवराज्ञींचा फुप्फुसांचा दीर्घ आजार २०१८ मध्ये जाहीर झाला, आणि मुलं आता शिक्षणाच्या वयाची आहेत. तेव्हा 'सहा जण दिसलेच पाहिजेत' असा हिशेब धरून जाऊ नका.

पुरुषांचा पोशाख लांब काळा कोट आणि उंच काळी रेशमी हॅट. स्त्रियांचा कोट किंवा सूट आणि हॅट. लक्ष ठेवायचं ते हॅटवर. एखादी शाळा समोर आली, झेंडे वर गेले, की राजांचा उजवा हात हॅटच्या कडेला जातो, हॅट डोक्यावरून थोडी पुढे उचलली जाते, क्षणभर हवेत राहते आणि परत बसते. मग पुढची शाळा. पुन्हा तेच. दोन तासांहून अधिक वेळ शंभरेक शाळांसाठी ही एकच क्रिया. भाषण नेहमीच्या वर्षी नसतंच. राज्यकर्त्याने राष्ट्रीय दिनी काहीही न बोलणं आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण इथे बोलायचं काम खाली चालणाऱ्या पोरांकडे आहे आणि ते ते पुरेपूर करतात.

राष्ट्रगीत सुरू झालं की पुरुषांच्या हॅट पूर्ण खाली येतात, स्त्रियांच्या डोक्यावरच राहतात. खालच्या गर्दीनेही हेच करायचं: टोपी काढा, सरळ उभं राहा, जमलं तर गा. छातीवर हात ठेवायची पद्धत इथली नाही. गीत आठ कडव्यांचं आहे, पण म्हणतात पहिलं, सातवं आणि आठवं. पहिल्या कडव्यानंतर टाळ्या वाजवायला हात उचललेला माणूस हमखास पाहुणा असतो. गीताचे शब्द ब्यर्नसन यांचे, चाल रिकार्ड नूर्द्रॉक यांची, आणि पहिलं जाहीर गायन १८६४ च्या १७ मेचंच. तीन कडवी पाठ करायला एक आठवडा पुरतो. मुलांना शाळेत पाठ होतातच, त्यांच्याकडूनच शिका.

आधी स्काउगुम, मग राजवाडा

ऑस्लोच्या नैर्ऋत्येला, वीसेक किलोमीटरवर, आस्कर गावात स्काउगुम ही युवराजांची शेतवाडी आहे. तिथे सकाळी लवकर आस्करच्या शाळांची मुलं घरासमोरून जातात आणि युवराजांचं कुटुंब पायऱ्यांवर उभं राहून त्यांचं स्वागत करतं. त्या वेळी अंगावर बूनाद असतो, म्हणजे प्रांतोप्रांतीचा भरतकामाचा पारंपरिक पोशाख. घरचं कुत्रंही बऱ्याचदा पायऱ्यांवर बसलेलं दिसतं. तिथून कपडे बदलून कुटुंब ऑस्लोच्या सज्जात येतं. सकाळचा फोटो बूनादमधला आणि दुपारचा कोट-हॅटमधला, दोन्ही एकाच दिवसाचे.

दोन्ही ठिकाणं गाठायची हौस मात्र टाळा. स्काउगुमहून ऑस्लोच्या मध्यभागी पोचेपर्यंत कडेच्या सगळ्या चांगल्या जागा गेलेल्या असतात. आस्करमध्ये राहत असाल तर स्काउगुम पाहा आणि ऑस्लो टीव्हीवर. 'एनआरके' वाहिनी सकाळपासून प्रक्षेपण करते.

जागा आणि वेळ

मिरवणूक साधारण दहा वाजता आकर्शहूस किल्ल्याजवळच्या मैदानातून निघते, कार्ल यूहान रस्त्याने वर चढते, राजवाड्यासमोरच्या स्लोट्सप्लास्सन या अंगणातून वळसा घेते आणि खाली नगरभवनाच्या चौकाकडे उतरते. शेवटची शाळा जाईपर्यंत एक ते दीड वाजतो. नेमका मार्ग आणि शाळांचा क्रम ऑस्लोची १७ मे समिती दर वर्षी जाहीर करते. गेल्या वर्षीचा नकाशा घेऊन जाऊ नका, रस्त्यांच्या कामांमुळे वळणं बदलतात.

उभं राहायच्या जागा तीन.

अंगणाच्या कडेला उभं राहिलात तर सज्जा आणि मुलं दोन्ही दिसतात. त्यासाठी साडेआठपर्यंत पोचा. नऊनंतर पुढची रांग मिळत नाही. इथली जमीन खडीची आहे. उंच टाचा त्यात रुततात आणि बाबागाडीची छोटी चाकं फिरत नाहीत, ती आडवी घसटत न्यावी लागते. बाळ असेल तर पाठपिशवी बरी.

कार्ल यूहान रस्त्यावर, विद्यापीठाच्या इमारतीसमोरच्या चढावर उभं राहिलात तर राजा दिसणार नाही, पण मुलं हाताच्या अंतरावरून जातात. माझ्या मते सगळ्यात आनंदाची जागा हीच. इथे रस्ता चढतो, त्यामुळे येणारे झेंडे पार खालपर्यंत एका नजरेत दिसतात, आणि बँडवाल्यांचा श्वास चढावर लागलेला ऐकू येतो.

तिसरी जागा मिरवणुकीतच. मूल ऑस्लोच्या शाळेत असेल आणि वर्गाबरोबर चालायला पालक-स्वयंसेवक हवे असतील तर नाव पहिल्या दिवशी द्या. सज्जासमोरून जाण्याचा तो मिनिटभराचा वेळ दोन तास कडेला उभं राहण्यापेक्षा जवळचा असतो.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. राजवाड्याचा दर्शनी भाग पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला तोंड करून आहे. सकाळी त्यावर समोरून ऊन पडतं. मे महिन्यात ऑस्लोत सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात सव्वाच्या सुमाराला, आणि त्यानंतर ऊन तिरकं होऊन हॅटच्या कडेची सावली चेहऱ्यावर पडते. म्हणजे चेहरे हवे असतील तर बाराच्या आत. कॅमेरा डोक्यावर धरा, कारण समोर झेंड्यांचं जंगल असतं. ड्रोन उडवू नका.

भुयारी रेल्वेचं 'नाशनाल-थेआत्रे' स्थानक सगळ्यात जवळ, म्हणून सगळ्यात तुडुंब. एक-दोन स्थानकं आधी उतरून चालत या. मध्यभागातल्या ट्राम आणि बस वळवलेल्या असतात. गर्दीच्या रस्त्यांच्या तोंडाशी गाड्या रोखायला अडथळे लावलेले असतात, तेव्हा टॅक्सीने दारापर्यंत जायचा विचार सोडा.

बारा वाजता किल्ल्यावरून २१ तोफांची सलामी असते. किल्ल्याच्या बाजूला तान्हं मूल घेऊन उभे असाल तर पाच मिनिटं आधी त्याचे कान झाकायची तयारी ठेवा. पहिल्या तोफेनंतर झाकून उपयोग नसतो, तोवर गळा काढलेला असतो.

कपडे

नॉर्वेजियन लोक त्या दिवशी बूनाद घालतात किंवा लग्नाला घालावेत तसे चांगले कपडे. चांदीच्या दागिन्यांसह स्त्रियांचा पुरा बूनाद तीस-चाळीस हजार क्रोनरच्या सहज पुढे जातो, आणि घराण्याचा प्रांत बघून निवडला जातो. त्याबरोबर गॉगल, आधुनिक हँडबॅग, वर चढवलेलं जॅकेट असलं की लोक नाकं मुरडतात. अशा टोकणाऱ्यांना तिथे 'बूनाद-पोलीस' म्हणतात. आपल्याकडे नऊवारीवर स्पोर्ट्‌स शूज दिसले की लग्नात ज्या काकू बोलतात, त्याच त्या.

पाहुण्याने बूनाद उसना आणून घालायची गरज नाही. इथे राहणारे परदेशी आपापल्या देशाचा पोशाख घालतात आणि त्याचं कौतुक होतं. साडी, नऊवारी, सलवार-कमीज, बंदगळा, फेटा, काहीही चालतं. अडचण हवामानाची आहे. मध्य मेला ऑस्लोत सकाळी पाच-सहा अंश असू शकतं, दुपारी पंधरा-सोळा, आणि मध्ये एक सर. त्यामुळे क्रम असा:

१. अंगालगत पातळ लोकरीचा थर, वर आणि खाली. साडीखाली लोकरीची लेगिंग दिसत नाही. सुती थर्मल नको. ओलं झालं की गारठा धरून बसतं.

२. साडीची निरी घोट्याच्या दोन बोटं वर बांधा. खडी आणि पावसाचं पाणी दोन्ही काठाला लागत नाही. नऊवारीला हा त्रासच नाही, म्हणून या दिवसासाठी तीच सोयीची.

३. वर लोकरी शाल, पिनने खांद्याला अडकवलेली. सारखी सावरावी लागली तर झेंडा धरायला हात उरत नाही.

४. पाऊस असेल तर पारदर्शक रेनकोट. छत्री उघडलीत की मागच्या दहा जणांचा राजा गेला.

५. डाव्या छातीवर लाल-पांढरी-निळी फीत. ती प्रत्येकाच्या अंगावर असते, बूनाद असो वा शर्ट.

झेंडा

या दिवशी हातात नॉर्वेचा झेंडा धरायचा. उत्तरेकडच्या मूळनिवासी सामी लोकांचा झेंडाही मिरवणुकीत दिसतो. दुसऱ्या देशांच्या झेंड्यांवरून तिथे पूर्वी बराच वाद झाला आहे, तिरंगा त्या दिवशी घरीच असू द्या.

मुलं घरी कागदी झेंडा करतात तेव्हा चूक होते ती मापात. प्रमाण २२ लांब, १६ उंच. २२ सेंमी × १६ सेंमीचा लाल कागद घ्या. काठीच्या कडेपासून ६ सेंमी सोडून ४ सेंमी रुंदीची पांढरी उभी पट्टी चिकटवा. वरून ६ सेंमी सोडून तेवढ्याच रुंदीची पांढरी आडवी पट्टी. दोन्ही पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधून २ सेंमी रुंदीची निळी पट्टी. म्हणजे निळ्याच्या दोन्ही बाजूंना १-१ सेंमी पांढरं उरतं. काठीजवळचे लाल चौकोन ६ × ६ आणि बाहेरचे लाल आयत १२ × ६ आले, तर झेंडा बरोबर. क्रूस कागदाच्या मधोमध आला तर चूक. लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली तर तुम्ही आइसलँडचा झेंडा केलात.

कडेला उभं असताना काठीचं टोक समोरच्याच्या डोळ्याच्या उंचीला येतं, हे लहान मुलांना आधी सांगा. झेंडा जमिनीला टेकू देत नाहीत. मुलाला आइस्क्रीम खायचं असेल तेव्हा झेंडा तुम्ही धरा. हा प्रसंग दर अर्ध्या तासाने येतो, कारण त्या दिवशी आइस्क्रीमला मर्यादा नसते, आणि नाही म्हणणाऱ्या पालकाकडे लोक दयेने बघतात.

बोलणं, खाणं, पैसे

दिसेल त्याला म्हणायचं: "ग्रातुलेरर मे दागेन!" म्हणजे या दिवसाच्या शुभेच्छा. मधला शब्द लिहिताना 'मेद' असतो, उच्चारात शेवटचा 'द' गळतो. 'मेद' म्हणालात तरी हरकत नाही, लोक खूश होतात. जयजयकार "हिप हिप हुरा", मुलं तो अखंड करतात. मोठ्या समारंभात राजासाठी तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ वेळा 'हुरा' होतो. मोजायचं काम पुढाकार घेणाऱ्याचं.

दुकानं बंद असतात. १ आणि १७ मे हे दोन्ही दिवस १९४७ च्या कायद्याने सुटीचे आहेत. पाणी, फळं, बाळाचं खाणं १५ तारखेलाच आणून ठेवा, १६ ला रांगा लांब असतात. मिरवणुकीनंतर शाळांच्या पटांगणात खेळ, केक आणि सॉसेजचे ठेले लागतात. शाकाहारी असाल तर केकवर भागवायची तयारी ठेवा किंवा डबा न्या. ठेल्यांवर पैसे 'व्हिप्स' या मोबाइल ॲपने घेतात, आपल्या यूपीआयसारखं. ते चालायला नॉर्वेतलं बँक खातं लागतं. पाहुण्यांनी शंभर-दोनशे क्रोनर सुट्टे जवळ ठेवावेत, कारण ठेल्यावरच्या सातवीतल्या पोराकडे कार्ड-मशीन असेलच असं नाही.

लाल किंवा निळ्या डगल्यातली, रात्रभर जागलेली तरुण मंडळी दिसली तर घाबरू नका. ती 'रुस', म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष संपवणारी मुलं. त्यांच्याकडे स्वतःच्या नावाची विनोदी कार्डं असतात आणि लहान मुलं ती गोळा करत हिंडतात. काही कार्डांवरचे विनोद लहानांसाठी नसतात. घरी आल्यावर गठ्ठा एकदा चाळा.

मूल मिरवणुकीत चालणार असेल तर

शाळेच्या पत्रात भेटायची वेळ, ठिकाण आणि सुटायची जागा असते. सुटायची जागा महत्त्वाची. वर्ग राजवाड्यासमोर सुटत नाही, खाली नगरभवनाच्या बाजूला सुटतो, आणि दर वर्षी काही पालक अंगणातच वाट बघत राहतात. तिथून गर्दीतून उलट्या दिशेने खाली जायला अर्धा तास लागतो. दोघे पालक असाल तर एकाने साडेअकरालाच खाली जाऊन उभं राहावं. मुलाच्या मनगटाला फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा, थेट कातडीवर पेनने लिहू नका. पेन घामाने आणि पावसाने जातं. पाण्याची बाटली छोटी द्या, कारण मार्गात शौचालयाला थांबता येत नाही. निघायच्या आधी सगळ्यांना पाठवा, 'मला नाही आली' म्हणणाऱ्यालाही.

सज्जासमोर आल्यावर मुलांनी काय करायचं, हा प्रश्न पालक फार गंभीरपणे विचारतात. चालत राहायचं. थांबलं की मागची रांग आदळते. डावीकडे की उजवीकडे बघायचं, हे शिक्षक सांगतात. झेंडा हलवायचा आणि ओरडायचं. वाकून नमस्कार, सलाम, काही नाही.

संध्याकाळी

घरच्या खांबावर किंवा खिडकीशी झेंडा लावला असेल तर तो सकाळी आठला चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा, पण रात्री नऊच्या पुढे ठेवायचा नाही. ऑस्लोत १७ मेचा सूर्यास्त दहाला पाच-दहा मिनिटं कमी असताना होतो. त्यामुळे नऊ वाजता शेजारपाजारचे लोक भर उन्हात झेंडे उतरवताना दिसतात. तुमचाही तेव्हाच उतरवा. ओला असेल तर घडी न घालता आत दोरीवर वाळत टाका, नाहीतर लाल रंग पांढऱ्यावर उतरतो.